चिकटकामातले प्राणी

गेल्या पावसाळ्यात एका धरणाच्या फुगवट्याजवळच्या शाळेत मी दोन दिवस मुक्कामाला होते. पहिल्याच दिवशी तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी दोन इंग्रजी चित्रपुस्तके माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “चित्रं छान आहेत. पण यातलं विज्ञान बरोबर आहे का, तेवढं बघून द्या. मग वर्गात न्यायची की नाही ते ठरवू.” माझे संशोधन माशांच्या वर्तनावरचे, आणि एका पुस्तकात तर सगळे मासेच. रात्री बसून मी चुकांची यादी केली. माशांच्या पुस्तकात पाच चुका निघाल्या, दुसऱ्यात एकही सापडली नाही. सकाळी यादी बाईंना दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पाच चुकांचे पुस्तक घेऊन वर्गात गेल्या.

खरे सांगायचे तर मला राग आला. पण मागच्या बाकावर बसून तो तास पाहिल्यावर माझी यादीच अपुरी वाटू लागली. चुका मोजल्या होत्या, पण कोणती चूक किती वजनाची हे पाहिले नव्हते. आणि ज्या पुस्तकात चूक सापडली नाही त्यात काय राहून गेले आहे, हे तर मुळीच पाहिले नव्हते. हा लेख म्हणजे त्या यादीची दुरुस्ती आहे.

दोन्ही पुस्तकांतली चित्रे कागद कापून, फाडून, एकावर एक चिकटवून केलेली आहेत. कलेच्या पुस्तकात याला कोलाज म्हणतात. आपल्या प्राथमिक शाळेत याचे नाव कातरकाम आणि चिकटकाम. घोटीव कागद, जुन्या लग्नपत्रिका आणि वाटीभर खळ यांवर आपण सगळ्यांनी कधी ना कधी हा तास काढलेला आहे. म्हणूनच ही पुस्तके शिक्षकांनी जरा बारकाईने पाहावीत असे मला वाटते. तैलचित्र पाहून मूल नुसते थक्क होते. चिकटकाम पाहून त्याला वाटते, हे मलाही जमेल.

पाच चुकांचे पुस्तक एरिक कार्ल यांचे. नाव ‘मिस्टर सीहॉर्स’, साल २००४. कार्ल १९२९ साली अमेरिकेत जन्मले, सहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर जर्मनीत गेले, महायुद्धाची वर्षे त्यांनी तिथेच काढली आणि १९५२ साली ते अमेरिकेत परतले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. लहानपणी वडील त्यांना रानात हिंडायला नेत, दगड उचलून खालचे जीव दाखवत आणि पाहून झाले की त्यांना जिथल्या तिथे ठेवत, असे ते सांगत. त्यांची कामाची रीत साधी होती. पातळ टिश्यू कागदावर ॲक्रिलिक रंगाचे हात द्यायचे, कधी कुंचल्याने, कधी बोटांनी, कधी गालिच्याचा तुकडा दाबून. कागद वाळले की रंगांप्रमाणे खणांत लावून ठेवायचे. मग हवा तो आकार कापायचा आणि भिंतीला कागद चिकटवण्याच्या खळीने चिकटवायचा. टिश्यू पातळ असल्याने खालचा रंग वर दिसतो आणि दोन थरांच्या जागी तिसराच रंग तयार होतो. माशाच्या अंगावरची चमक दाखवायला याहून योग्य कागद शोधूनही मिळणार नाही.

कार्ल जगभर ओळखले जातात ते मात्र १९६९ सालच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या पुस्तकामुळे. त्या खादाड अळीबद्दलचा एक जुना आक्षेप इथे पाहिला पाहिजे, कारण चूक म्हणजे काय हे त्यावरून नीट कळते. पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर बांधते, त्याला भोक पाडून बाहेर येते आणि फुलपाखरू होते. इंग्रजी वाचकांची तक्रार अशी, की रेशीमकिड्यासारखे पतंग स्वतःभोवती धाग्याचे वेष्टन विणतात; बहुतेक फुलपाखरे विणत नाहीत. पुस्तकात पतंगाचा शब्द फुलपाखराला लावला आहे. कार्ल यांनी यावर उत्तर दिले होते, की लहानपणी वडील त्यांना ‘ये बाहेर तुझ्या कोशातून’ असे म्हणत, म्हणून तोच शब्द वापरला.

आता गंमत पाहा. मराठीत ही तक्रार उभीच राहत नाही. आपण दोन्हींना कोशच म्हणतो. रेशमाचाही कोश आणि फुलपाखराचाही कोश. म्हणजे भाषांतर करताच चूक नाहीशी झाली का? शब्दातली झाली, क्रियेतली झाली नाही. कढीलिंबाच्या झाडावर वाढणारी अळी पाहिलेल्या मुलाला विचारा. ती लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, शेवटी काडीला एक धागा अडकवून टेकते आणि कात टाकते. कातीखालून जे निघते तोच कोश. अळीने तो बांधलेला नसतो, ते तिचेच शरीर असते. आणि फुलपाखरू भोक पाडून बाहेर येऊ शकत नाही, कारण कुरतडायला त्याला जबडाच नसतो; असते ती गुंडाळलेली सोंड. कोशाचे आवरण उकलते आणि ते बाहेर येते. वर्तनाबद्दलची चूक क्रियापदात असते. नाम दुरुस्त करून ती जात नाही. आपल्या अळी-कोश-फुलपाखरू या तक्त्यातही हे क्रियापद बहुधा गाळलेले असते. तिथे चार चित्रे आणि चार बाण एवढेच असतात.

या पुस्तकाचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कार्ल कागदांच्या गठ्ठ्याला यंत्राने भोके पाडत होते, त्यावरून त्यांना पुस्तक खाणारा किडा सुचला. अळी हवी ही सूचना नंतर संपादिकेची. म्हणजे प्रेरणा आधी कागदाची, मग प्राण्याची. मला हे कमीपणाचे वाटत नाही. पानाला पडलेले भोक हे अळीच्या वर्तनाचे सगळ्यांत खरे चिन्ह आहे. झाडावर अळी दिसत नाही, भोके दिसतात. मूल त्या भोकात बोट घालते तेव्हा ते जे करते, तेच कीटकशास्त्राचा विद्यार्थी बांधावर उभा राहून करत असतो.

इथे थोडे विषयाबाहेर जाऊन पुठ्ठ्याच्या एका डोक्याची गोष्ट सांगते. वर्तनशास्त्रात कातरकामाला मानाचे स्थान आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. निको टिंबर्जेन हे डच शास्त्रज्ञ. १९७३ साली कॉनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी कुरव पक्ष्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. हेरिंग गल या जातीच्या कुरवाची चोच पिवळी असते आणि खालच्या चोचीवर टोकाजवळ लाल ठिपका असतो. पिल्लू तिथे टोच मारते, मग आई किंवा बाप पोटातले अन्न काढून पिल्लाला देतो. टिंबर्जेन यांनी पुठ्ठ्याची डोकी कापली. कुठे ठिपक्याचा रंग बदलला, कुठे ठिपकाच काढला, कुठे डोक्याचा आकार बदलला, आणि पिल्ले किती वेळा टोचतात ते मोजले. डोक्याच्या आकाराने फारसे काही बिघडले नाही. चोच आणि ठिपका मात्र महत्त्वाचे ठरले. स्टिकलबॅक नावाच्या काटेरी पाठीच्या छोट्या माशावरही त्यांनी असेच प्रयोग केले. हुबेहूब घडवलेल्या, पण पोट लाल नसलेल्या प्रतिकृतीकडे नराने दुर्लक्ष केले आणि कसाबसा माशाचा आकार असलेल्या, खालून लाल रंगवलेल्या ठोकळ्यावर तो धावून गेला. पुढे या प्रयोगांची फेरतपासणी झाली, काही निष्कर्षांना मुरड घालावी लागली; पण पद्धत टिकली.

चिकटकामाचे मूल्यमापन करायला मला यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही. पुठ्ठ्याच्या त्या डोक्याला एकही पीस नव्हते, तरी ते पिल्लाला पुरले, कारण कापणाऱ्याने नेमका ठिपका ठेवला होता. कागदाचा प्राणी निळा आहे की हिरवा, त्याला खवले आहेत की नाहीत, यावर लाल शाई चालवण्याआधी विचारावे, की ज्या वर्तनाची गोष्ट चालली आहे त्याचा ठिपका यात आहे का?

या कसोटीवर ‘मिस्टर सीहॉर्स’ पाहू. समुद्रघोड्याची मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर ती वागवतो. अंडी पोटात घेऊन हा समुद्रघोडा हिंडतो आणि वाटेत त्याला एकेक मासा भेटतो, सगळे बापच. घरट्यातली अंडी राखणारा स्टिकलबॅक, तोंडात अंडी धरणारा तिलापिया, डोक्यावरच्या आकड्याला अंड्यांचा घोस लावून फिरणारा कुर्टस, पोटाखाली अंड्यांची रांग चिकटवून घेतलेला नळीमासा, आणि पिल्लांच्या घोळक्यावर नजर ठेवणारा बुलहेड. लहान मुलांच्या एका पुस्तकात बापाने पिल्ले सांभाळण्याच्या इतक्या तऱ्हा एकत्र मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. कुर्टससारखा ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा मासा तर आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतो. स्टिकलबॅकबद्दल एक गोष्ट कार्ल यांनी सांगितली असती तर बहार झाली असती. हा मासा वनस्पतींचे तुकडे गोळा करतो आणि आपल्या मूत्रपिंडात तयार होणाऱ्या डिंकाने ते एकमेकांना चिकटवून घरटे बांधतो. चिकटकाम करणारा मासा चिकटकामाच्या पुस्तकात आहे आणि दोघांची ओळखच करून दिलेली नाही.

आता माझ्या यादीकडे. पहिली चूक: समुद्रात राहणाऱ्या समुद्रघोड्याला गोड्या पाण्यातला बुलहेड भेटतो. ही चूक आहेच, आणि क्षुल्लक नाही. पाण्याचा खारेपणा माशाच्या दृष्टीने भिंतीसारखा असतो. वाघ आणि पेंग्विन एका पानावर काढले तर आपण हसतो. मासे असले की चालवून घेतो, कारण आपल्या लेखी पाणी म्हणजे पाणी.

दुसरी, मासे एकमेकांना शाबासकी देतात. ही मी खोडते. बोलणारा मासा खरा नाही हे बालवाडीतल्या मुलालाही कळते.

तिसरी चूक लपण्याची, आणि इथे पुस्तकाची रचना पाहावी लागते. मधूनमधून पारदर्शक पाने घातली आहेत. त्यांवर पाणगवत, प्रवाळ, शेवाळ किंवा खडक छापलेला आहे. पान उलटले की मागे लपलेला मासा दिसतो. मुलांचा हात या पानांवरून हलत नाही. पुन्हा झाकतात, पुन्हा उघडतात. पण खडकमासा म्हणजे स्टोनफिश खडकामागे लपत नाही. तो तळावर उघड्यावर पडून राहतो आणि खडकासारखा दिसतो, हेच त्याचे लपणे. पडद्याआड जाणे वेगळे आणि पडद्यासारखे होणे वेगळे. पारदर्शक पानाची युक्ती इतकी गोड आहे की तिने हा फरक पुसून टाकला. माध्यमाला जे सहज जमले ते प्राण्याच्या नावावर जमा झाले. कार्ल यांच्या पुस्तकांतली ही खरी अडचण मला वाटते, आणि ती माझ्या यादीत ‘खडकामागे नव्हे’ एवढ्या दोन शब्दांत उरकली होती.

चौथी चूक शेवटच्या पानांवर आहे. पिल्ले जन्मतात, पोहत दूर जातात, एक पिल्लू मात्र मागे वळते आणि त्याला पुन्हा पिशवीत शिरायचे असते. बाप त्याला मायेने सांगतो, की आता तू एकट्याने राहायला तयार झालास. समुद्रघोड्याच्या बाबतीत यातले काहीच खरे नाही. पिशवीतून बाहेर पडलेल्या शेकडो पिल्लांकडे बाप वळूनही पाहत नाही आणि पिल्लूही परत येत नाही. पण परत येणारी पिल्ले माशांत आहेत! आपल्या तळ्याधरणांत वाढणारा तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, त्याची पिल्ले बाहेर सोडल्यावरही काही दिवस धोका दिसताच पुन्हा तोंडात शिरतात. म्हणजे पुस्तकातला सगळ्यांत हळवा प्रसंग निव्वळ कल्पित नाही. तो भलत्याच माशाला दिला गेला आहे.

पाचवी चूक याच चिलापीबद्दलची. ती शेवटी सांगते, कारण ती मी वर्गात नीट शिकले.

दुसरे पुस्तक स्टीव्ह जेन्किन्स आणि त्यांच्या पत्नी रॉबिन पेज यांचे, ‘व्हॉट डू यू डू विथ अ टेल लाइक धिस?’. अशा शेपटीचे तुम्ही काय करता, असा त्याचा अर्थ. २००३ सालचे हे पुस्तक, दुसऱ्या वर्षी त्याला अमेरिकेतला कॅल्डेकॉट ऑनर हा चित्रपुस्तकांचा सन्मान मिळाला. जेन्किन्स यांचा जन्म १९५२ चा, निधन २०२१ मध्येच. तेही कागदच चिकटवत, पण त्यांची जात वेगळी. कार्ल कागद रंगवून घेत. जेन्किन्स कागद शोधत. देशोदेशींचे हातकागद, रेशेदार, खरबरीत, डागाळलेले, आणि प्रत्येकाला साजेसा प्राणी. त्यांच्या चित्रांत एक सुरेख नियम दिसतो. कीटकाचे कवच, चोच, नखे अशा टणक गोष्टींची कड कात्रीने साफ कापलेली. केसाळ अंगाची कड हाताने फाडलेली, म्हणजे कागदाचे तंतूच केस होतात. कागद कसा फाटतो हे ज्याला कळते त्याला केस काढायची गरजच पडत नाही. विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवावे. आपल्या चिकटकामात कात्रीचा जुलूम फार असतो. फाटलेली कड म्हणजे गबाळेपणा, असे आपणच शिकवलेले असते.

पुस्तकाची रचना कोड्याची आहे. एका पानावर पाच नाकेच दिसतात, किंवा पाच कान, पाच शेपट्या, डोळे, पाय, तोंडे. प्राणी झाकलेले. ओळखा, आणि या अवयवाचे काय करत असतील ते सांगा. पान उलटले की पूर्ण प्राणी आणि उत्तर. रातकिड्याचा कान पायावर असतो हे कळल्यावर मुले आपल्या गुडघ्यांकडे पाहतात. पुस्तकाच्या अखेरीस प्रत्येक प्राण्याची माहिती वेगळी दिली आहे आणि ती काळजीपूर्वक लिहिलेली आहे. अवयव पाहून त्याच्या कार्याबद्दल अंदाज बांधणे, मग तो ताडून पाहणे, ही विज्ञानाचीच चाल. माझ्या यादीत या पुस्तकापुढे शून्य होते ते योग्यच होते.

तरीही काहीतरी निसटले आहे. या पुस्तकातल्या प्राण्यांच्या भोवती काहीच नाही. पांढरा, कोरा कागद. चित्रकलेच्या दृष्टीने ते देखणे आहे, हातकागदाचा प्रत्येक तंतू उठून दिसतो. पण वर्तन म्हणजे कोणाशी तरी वागणे. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला शिंगाळा सरडा डोळ्यांतून रक्ताची पिचकारी मारतो, असे पुस्तक सांगते. खरे आहे. पण कोणावर? हा सरडा सहसा कोल्हा, कायोट अशा कुत्र्याच्या कुळातल्या शिकाऱ्यांवरच रक्त उडवतो. त्यांना त्या रक्ताची चव नकोशी होते. पक्ष्याने गाठले तर तो हे हत्यार सहसा बाहेर काढत नाही. म्हणजे सरडा समोर कोण आहे ते पाहून वागतो. कोऱ्या कागदावर ही पिचकारी कोणालाच लागत नाही. उरते ते एक नवल, ‘बघा हा काय करतो’ असे.

शिवाय एका अवयवाचे एकच काम. हत्तीची सोंड अंघोळीसाठी. आसामात किंवा कर्नाटकात हत्ती पाहिलेले मूल विचारेल, आणि बाकीची कामे? कोड्याला एक उत्तर लागते हे मान्य. पण पाचही अवयवांना नेमून दिलेले काम आहे, अशी समजूत या वयात एकदा बसली की उत्क्रांती शिकवताना ती आमच्यापर्यंत येऊन पोचते. ‘निसर्गाने अमुक अवयव अमुक कामासाठी दिला’ हे वाक्य मी पीएच. डी.च्या तोंडी परीक्षेतही ऐकलेले आहे.

जेन्किन्स यांचे २००४ सालचे ‘ॲक्च्युअल साइज’ हे पुस्तक मात्र निःशंक घ्यावे. त्यात प्राणी, किंवा मावेल तेवढा त्यांचा भाग, खऱ्या आकारात आहे. गोरिलाच्या पंजावर आपला पंजा ठेवून पाहता येतो, महाकाय माखलाचा डोळा पानभर पसरलेला आहे. वर्तनाचा त्यात फारसा संबंध नाही, पण मापनाच्या तासाला दुसरे काही लागणार नाही.

तर एकाकडे भोवताल आहे, नाती आहेत, आणि क्रियापदे चुकलेली आहेत. दुसऱ्याकडे प्रत्येक वाक्य तपासलेले आहे आणि प्राणी एकटा आहे. लपण्याबद्दल बोलायचे तर दोन्ही पुस्तके अपुरी, आणि इथे शिक्षकाला स्वतःच कात्री हातात घ्यावी लागते. त्या दुपारी आम्ही एक प्रयोग केला, खर्च शून्य. फळ्यावर वर्तमानपत्राचे एक पान लावले. दुसऱ्या पानातून पतंगाच्या आकाराचे दहा तुकडे कापले आणि दहा तुकडे जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूतून. सगळे पानावर चिकटवून मुलांना पाच पावले मागे उभे केले आणि दहा सेकंदांत मोजायला सांगितले. कोरे पतंग सगळ्यांना दहाच्या दहा दिसले. छापील पतंग कोणाला तीन, कोणाला चार. मग मुलांनीच शोधून काढले, की सापडलेले बहुतेक पतंग तिरपे चिकटवलेले होते. त्यांच्यावरच्या छापील ओळी खालच्या ओळींना छेद देत होत्या. काही पतंग झाडाच्या सालीवर बसल्यावर अंग फिरवतात आणि पंखांवरच्या रेघा सालीच्या रेघांना जुळल्या की स्थिर होतात, हे मी तेव्हा सांगितले. आधी सांगितले असते तर ती नुसती माहिती झाली असती. उरलेल्या सापडलेल्या पतंगांना कडेला खळ नीट लागली नव्हती. कड उचलली गेली होती आणि तिची सावली पडत होती. रातव्यासारखे पक्षी, कितीतरी सरडे जमिनीला अंग चेपून बसतात त्यामागे हीच सावली आहे. चिकटकामाच्या परीक्षेत कड उचलली म्हणून आपण गुण कापतो. इथे त्या उचललेल्या कडेने एक धडा शिकवला.

आता सकाळचा तो तास. बाई ‘मिस्टर सीहॉर्स’ वाचून मराठीत सांगत होत्या. तिलापियाचे पान आले. बाप तोंडात अंडी धरतो, असे त्या म्हणाल्या तेवढ्यात मधल्या रांगेतला एक मुलगा न विचारताच बोलला, “नाही बाई, आई धरते. आमच्या बाबांच्या जाळ्यात चिलापी आली की तोंडातनं पिल्लं सांडतात. ती मादीच असते.” वर्ग हसला. बाईंनी पर्समधली माझी यादी काढलीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, “तू पाहिलंयस. पुस्तकवाल्यानं पण काहीतरी पाहिलं असेल. आता कसं ठरवायचं?”

मला बोलावेच लागले. आपल्याकडची मोझांबिक चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली, आणि तिच्यात अंडी आणि पिल्ले आईच तोंडात धरते. पण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काळ्या हनुवटीचा तिलापिया आहे, त्याच्यात हे काम बाप करतो. पुस्तकात नुसते ‘तिलापिया’ म्हटले आहे, जात सांगितलेली नाही. माझ्या यादीत मी ‘तिलापिया: नर नव्हे, मादी’ असे लिहिले होते. म्हणजे पुस्तकाची चूक अर्धी, आणि उरलेली अर्धी माझी. मुलांना याचे फारच समाधान वाटले.

मग बाईंनी आपल्या चिलापीचे पान करायला सांगितले. चहाच्या पुड्यांचा आतला चंदेरी कागद, घोटीव कागदाचे निळे तुकडे, तळाला खरा चिखल खळीत कालवून. भांडण झाले ते तोंडावरून. बहुतेक गटांनी तोंड उघडे ठेवले, कारण त्याशिवाय आतली पिल्ले दिसणार कशी? एका गटातली मुलगी ऐकेना. तिचे म्हणणे, पिल्ले आत असताना ती तोंड उघडेच ठेवत असेल तर पिल्ले पडतील की. आणि मग ती खाते कधी? त्या दिवसांत ती जवळजवळ खात नाही, दोन-तीन आठवडे, असे मी सांगितले, तेव्हा तिने गटातल्या मुलाने कापलेला उघडा जबडा सरळ काढून टाकला आणि बंद तोंडाचा मासा चिकटवला. पिल्ले तिने आधीच कापून ठेवली होती, चण्याच्या डाळीएवढी, पंधरा-वीस. ती तिने डोक्याच्या कागदाखाली खळ लावून बसवली आणि वरून डोके चिकटवून टाकले. बाहेरून काहीच दिसत नव्हते, फक्त हनुवटीचा कागद थोडा फुगलेला होता.

घंटा झाली तेव्हा सगळी पाने भिंतीवर लावली. तिच्या पानाजवळ थांबलेली मुले हनुवटीवर बोट दाबून बघत होती.